बुडख्यावरची पाटी

काही माणसं देहानं गेली तरी घराच्या कणाकणात उरतात, आणि त्यांना ओलांडून घरातून बाहेर पडणं कुणालाच शक्य नसतं. आमचे थोरले बंधू अण्णा तसे होते. त्यांची तिरडी खांद्यावर घेऊन आम्ही निघालो आणि दारापासून पंधरा पावलांवर अडलो. अंगणात मधोमध अण्णांनीच जपलेला चिंचेचा बुडखा होता, साडेतीन फूट रुंद आणि गुडघ्याएवढा उंच. त्याच्या एका अंगाला बावीस इंच जागा, दुसऱ्या अंगाला चौदा. चार माणसं जोडीजोडीनं तिरडी घेऊन तेवढ्यातून जात नाहीत. पुढचे दोघे थांबले, मागचे दोघे त्यांच्यावर आले, कुणीतरी "तिरपी करा" म्हणालं, आणि अण्णांना तिरपं करण्याची कल्पना कुणालाच पटली नाही. शेवटी आमच्या गल्लीतले लाकूड कापणारे रशीदभाई म्हणाले, "ठेवा वर. मंग पल्याडनं घेऊ." आम्ही अण्णांना बुडख्यावर ठेवलं, एकेक करून पलीकडे गेलो आणि पुन्हा खांदा दिला. तिरडी वाटेत एकदा टेकवून विसावा देण्याची रीत आहे, पण तो स्मशानाच्या अर्ध्या वाटेवर देतात. अण्णांना तो अंगणातच मिळाला. माझी पत्नी सुमन खिडकीतून बघत होती. परत आलो तेव्हा एवढंच म्हणाली, "आज ते पण अडले."

या गोष्टीला दीड महिना झाला. अण्णांबद्दल चार चांगले शब्द लिहा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. चार निघतील. पण आधी बाकीचे लिहिणं भाग आहे.

आमची हर्सूलची जागा वडिलांनी घेतलेली आणि आकारानं बाटलीसारखी. आत रुंद, रस्त्याकडे निमुळती होत गेलेली. आतल्या रुंद भागात समोरासमोर दोन घरं, डावीकडे अण्णांचं आणि उजवीकडे माझं. पुढे बाटलीची साडेसहा फुटांची मान, तिच्या टोकाला गेट, आणि मानेच्या बरोबर मध्ये ती चिंच. अण्णा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. सरकारी बांधकाम खात्यात रस्ते बांधून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. नोकरीत त्यांना सर्वांत काय आवडलं असेल तर उद्घाटन. साहेबांच्या हातात द्यायची कात्री त्यांच्या ताब्यात असे आणि निवृत्तीनंतर ती त्यांनी घरी आणली. मग घरात उद्घाटनाशिवाय काही सुरू होईना. बोअरिंगचं झालं, गच्चीवरच्या अँटेनाचं झालं. मोरीत नवा नळ बसवला तेव्हा फीत बांधायला जागा नव्हती, म्हणून माझ्या दोन मुलींना दोन टोकं धरून उभं केलं. नळाला पाणी दुसऱ्या दिवशी आलं. भाषण मात्र त्याच दिवशी झालं.

चिंच त्यांच्याच हातून मेली, हे मला इथं नोंदवून ठेवायचं आहे, कारण पाटीवर ते नाही. निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी चिंचेला पार बांधायला घेतला. खोडाला लागून दोन फूट मुरूम भरला, वर सिमेंटचा कोबा केला, कडेनं घोटीव काठ काढला. फीत कापली. वडील तेव्हा होते. काठी टेकत आले, पारावर बसून बघितलं आणि म्हणाले, "झाडाला बूट घातले की रे तू." अण्णांना तो शाबासकीचा अभिप्राय वाटला. तीन पावसाळ्यांत चिंच वाळली. फांद्या विजेच्या तारांवर पडायला लागल्यावर रशीदभाईंनी ती उतरवली. पार फोडला, कोबा काढला, आणि बुडख्याशी आले तेव्हा अण्णांनी हात वर केला. तो हात त्यांनी रस्त्यावर रोडरोलर थांबवायला वापरलेला होता. रशीदभाई थांबले.

वडील तोवर वारले होते, आणि बुडख्याचा इतिहास त्यानंतर सुरू होतो.

मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे घरात माझ्या इतिहासाला किंमत नव्हती. पण ही गोष्ट मी सातवीत असताना खुद्द वडिलांकडून ऐकलेली आहे, आणि अण्णा शेजारी बसले होते. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी वडील निजामाच्या महसुली कचेरीत कारकून होते आणि याच जागेवर भाड्याच्या खोलीत राहत होते. "फौज येतेय एवढं कळलं," ते म्हणाले, "कुणाची ते कळंना. कुणी म्हणे रझाकार, कुणी म्हणे हिंदुस्थानची. मी आन् करीम चिंचेवर चढून बसलो." करीमचाचा म्हणजे रशीदभाईंचे वडील, त्याच कचेरीतले दुसरे कारकून. "मंग मी धोतर सोडलं आन् शेंड्याला बांधलं. पांढरं दिसलं म्हंजी कुणीबी आलं तरी गोळी घालनार नाय."

"मग कोण आलं?" मी विचारलं.

"कुणीच नाय आलं. संध्याकाळी मुंगळे चावाया लागले तवा उतरलो."

सर्वांत जास्त अण्णा हसले होते. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि आईनं पाठ थोपटली, हे मला स्पष्ट आठवतं. पोलीस ॲक्शननंतरचे काही आठवडे करीमचाचा आमच्या खोलीच्या माळ्यावर राहिले. ते का, हे वडील कधी सांगत नसत, आणि ऐकायची वेळ होती तेव्हा आम्ही विचारलं नाही.

वडिलांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला अण्णा पाहुण्यांना सांगत होते की त्या दिवशी बाबा चिंचेवर होते. इथवर ठीक. दुसऱ्या वर्षी बाबा चिंचेवरून पहारा देत होते. तिसऱ्या वर्षी धोतराचा झेंडा झाला. मी ताटावरून मान वर केली, अण्णांनी माझ्याकडे न बघता भजी मागितली. एका सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, काळ्या दगडाची तीन फूट बाय दोन फुटांची पाटी बुडख्यावर सिमेंटनं बसली. "याच वृक्षावर मुक्तिसंग्रामात राष्ट्रध्वज फडकला", खाली वडिलांचं नाव, आणि त्याखाली "संकल्पना" म्हणून अण्णांचं. वृक्ष कुठे गेला याचा उल्लेख नव्हता. समारंभाला रशीदभाईंनाही बोलावलं होतं. त्यांनी पाटी दोनदा वाचली आणि हळूच विचारलं, "अण्णासाब, झाडावर तर आमचे अब्बाबी होते ना?"

"होते, होते," अण्णा म्हणाले. "दगडावर जागा पुरली नाही."

इथपर्यंत हा सगळा प्रकार मला करमणुकीचा होता. शाळेतल्या मित्रांना मी तो रंगवून सांगत असे. मग सुमनला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं सहा महिन्यांनी परत आलं, पाय आला नाही. मुली लग्न होऊन गेलेल्या. आम्ही चाकाची खुर्ची आणली. ती पंचवीस इंच रुंद निघाली.

तीन इंच. मी अण्णांकडे गेलो आणि म्हणालो, बुडखा काढायचा. ते म्हणाले, स्मारक आहे. मी म्हणालो, मग एका बाजूनं तीन इंच तासू. ते म्हणाले, "आज तीन इंच तासशील, उद्या पाटी उखडशील. दिगंबर, रस्त्यांची अतिक्रमणं मी आयुष्यभर बघितली आहेत. ती अशीच सुरू होतात." स्वतःच्या अंगणात स्वतःची बायको बाहेर नेणं हे अतिक्रमण, ही व्याख्या मला नवी होती. पण जागा दोघांच्या नावावर, आणि दोघांच्या होकाराशिवाय कुदळ लागणार नव्हती.

आणि तरी अण्णांना दुष्ट म्हणायची सोय नाही, तीच तर चीड आहे. सुमनला दर पंधरा दिवसांनी व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागे. तेव्हा तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून बुडख्यावरून पलीकडे न्यायचं आणि चाकाची खुर्ची घडी करून मागून आणायची, अशी पद्धत पडली. या चौघांत पहिले अण्णा. इस्त्रीचा सदरा, टोपी, पायात बूट, दहा मिनिटं आधी हजर. "उचला... सावकाश... डावा कोपरा वर... थांबा!" असं सगळं ते सांगत आणि स्वतः पुढचा उजवा पाय धरत. त्यांना स्वतःला हर्निया होता. वहिनी दारातून ओरडायच्या, "अहो, तुम्ही नका उचलू." ते उचलायचेच. एकदाही चुकले नाहीत, एकदाही उशीर केला नाही. अडथळा मात्र त्यांना दिसत नव्हता. त्यांच्या लेखी ती सुमनची अडचण होती आणि ते तिला मदत करत होते.

सुमन एकदा वरून, म्हणजे अक्षरशः त्यांच्या डोक्याच्या वरून, म्हणाली, "अण्णा, एक फीत तरी बांधा. मी दर वेळी नवीनच निघाल्यासारखी निघते."

"बोलतेस छान," अण्णा धापा टाकत म्हणाले. "सुधारणा आहे."

हर्सूल म्हटलं की लोक आधी जेलचं नाव घेतात. सुमनची मैत्रीण भेटायला आली की सुमन तिला म्हणायची, "तिथल्या कैद्याला निदान माहीत असतं, किती वर्षं ते." तिला कुठं फार जायचं नव्हतं. गेटापर्यंत जायचं होतं, स्वतःच्या हातानं चाक फिरवत. भाजीवाला तिथं थांबतो, शाळेची मुलं जातात, शेजारणी उभ्या राहून बोलतात. खिडकीतून हे सगळं ऐकू येत होतं आणि बुडखा दिसत होता.

मी गनिमी काव्याचा प्रयत्न केला, हेही सांगितलं पाहिजे. पार फुटल्यावर मुळांना हवा मिळाली आणि चिंचेच्या बुडख्याला पुन्हा फुटवे आले होते. फुटवे आले की तो आत जिवंत आणि घट्ट राहतो. हिंग भरला की झाड मुळापासून मरतं, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. माझ्यासारख्या माणसानं आधी पुस्तकात बघायला हवं होतं. मी दुपारी, अण्णा झोपले असताना, गिरमिटानं भोकं पाडली आणि घरातली हिंगाची डबी त्यात रिकामी केली. संध्याकाळी अण्णा फेरी मारायला निघाले, बुडख्यापाशी थबकले आणि मोठ्यानं म्हणाले, "स्मारकाला वरणाचा वास येतोय."

आत सुमन म्हणाली, "आणि वरणाला का येत नव्हता, ते आत्ता कळलं."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी उत्तर दिलं. हमरस्त्याच्या कडेच्या सरकारी झाडांना खालून गेरू आणि वर चुन्याचा पट्टा देऊन आकडा घालतात, तसं त्यांनी बुडख्याला रंगवलं. गेरू, चुना, आणि काळ्या रंगात आकडा १. सरकारी झाड तोडणं गुन्हा असतो, हे त्यांना सुचवायचं होतं. दुसरं झाडच नव्हतं, त्यामुळे आकडा चुकायचा प्रश्न नव्हता. फुटवे हिंगाला पुरून उरले.

मग ते एका सकाळी माझ्या घरी आले. तेव्हा आमचं खुर्ची उचलण्यापुरतंच बोलणं उरलं होतं, म्हणून मी सावध होतो. कुठलंसं मंडळ मुक्तिसंग्रामावर स्मरणिका काढत होतं. वडिलांचं नाव त्यात घ्यायला मंडळाची तयारी होती, पण घरातल्या आणखी एकाचं लेखी निवेदन हवं होतं. अण्णांनी कागद टाईप करूनच आणला होता. "आमचे वडील राष्ट्रध्वजाची हकिगत आम्हांस नेहमी सांगत," असं त्यात होतं.

"एवढी सही कर," अण्णा म्हणाले. "एकदा छापून आलं की स्मारक कागदावर आलं. मग बुडख्याची गरज नाही. मी स्वतः रशीदला बोलावतो. तुला वाट मिळाली, बाबांना नाव मिळालं."

"बाबांना नाव की तुम्हाला?"

"अरे, इतिहासात कुणाचं तरी नाव येणारच ना! आपल्याच बापाचं आलं तर तुझं काय जातं?"

मी म्हणालो, "अण्णा, ते धोतर होतं. तुम्ही ऐकलंय. तुम्हाला ठसका लागला होता."

ते टोपी सारखी करत म्हणाले, "धोतर दहा हातांवरून झेंड्यासारखंच दिसतं." कागद घडी करून ठेवून गेले. मी त्यावर सही केली नाही. मी चौतीस वर्षं मुलांना सांगितलं होतं की पुरावा नसेल तर लिहू नका, आणि आता पुरावा विरुद्ध असताना लिहायचं? मला स्वतःचा अभिमान वाटला. तो वाटून झाल्यावर मी आतल्या खोलीत गेलो. सुमननं सगळं ऐकलं होतं.

"सही केली नाही?"

"नाही. खोटं आहे ते."

तिनं चाक फिरवून खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "धोतर असू द्या नाहीतर झेंडा. झाडावर तुमचा बाप होता, अडकून मी बसलेय." आणि मग, मी काही बोलणार असं दिसल्यावर, "आता मला शिकवू नका."

त्यानंतर वर्षभर बुडखा होता तिथंच होता. स्मरणिका निघाली, त्यात वडील नव्हते. अण्णांनी मला त्याबद्दल एक शब्दही ऐकवला नाही. फक्त पंधरा दिवसांनी टोपी घालून येत आणि खुर्चीचा पुढचा उजवा पाय धरत. मीही डावा धरत असे. दोघं भाऊ एकमेकांकडे न बघता तिला उचलत होतो, आणि मला वाटतं त्या वर्षी जगात मला सर्वांत जास्त राग त्या इस्त्रीच्या सदऱ्याचा आला.

अण्णा गेल्याची बातमी वीस फुटांवरून आली. सकाळी पेपर वाचत होतो, वहिनी अंगण ओलांडून आल्या, चहाची कपबशी हातातच होती. "भाऊजी, हे उठत नाहीयेत..." कपातला चहा सांडला नव्हता. पुढचं सुरुवातीला लिहिलं आहे.

चौदाव्याचं गोड जेवण झालं त्याच संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते काढून टाका. मला रोज तिथं तेच ठेवलेले दिसतात." दुसऱ्या सकाळी रशीदभाई दोन माणसं घेऊन आले. जेसीबी आत येणार नव्हता, सगळं हातानं करायचं होतं. आधी छिन्नीनं पाटी सोडवली. ती अखंड निघाली, पाठीला सिमेंटचे गोळे घेऊन. मग बुडख्याभोवती चर खणला, एकेक मूळ उघडं केलं आणि कुऱ्हाडीनं तोडलं. चिंचेचं लाकूड, कुऱ्हाड दगडावर पडल्यासारखी परत यायची. चार दिवस लागले. रशीदभाई मजुरी नको म्हणाले, ओंडका द्या म्हणाले. खाटकाला मांस तोडायला चिंचेच्या ओंडक्यासारखं दुसरं लाकूड नाही, आणि त्यांच्या पुतण्याचं दुकान आहे. अण्णा कांदासुद्धा चातुर्मासात खात नसत. मी ओंडका दिला.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना रशीदभाई भिंतीला टेकवलेल्या पाटीकडे बघत होते. मी म्हणालो, "रशीदभाई, खरं सांगतो, झेंडा नव्हताच. आमच्या वडिलांचं धोतर होतं ते."

रशीदभाईंनी बशी खाली ठेवली. "धोतर? कायकू धोतर, मास्तर? लुंगी थी वो. अब्बा की."

"लुंगी?"

"हौ. सफेद, नवी कोरी. फौज के डर से झाड पे छोड के आए करके अम्मी जनमभर सुनाती थी. मरेपर्यंत. आमच्या घरात कुणी काय हरवलं तर अम्मी बोलायची, जा, चिंचेवर देख."

"मग आमचे वडील धोतर का म्हणाले?"

"आता ते कसं सांगू? तुम्ही बच्चे होते. आपलेच कपडे सोडले असं सांगितलं तर बच्चे जास्त हसतात." त्यांनी बशी पुन्हा उचलली. "नाय तर अम्मी झूट बोलत असंल. दोघंबी गेले आता."

खिडकीतून हसण्याचा आवाज आला. झटक्यानंतर सुमन तोंडाच्या एका बाजूनं हसते आणि ते थांबवता येत नाही. ती हसत होती, डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती. मी काय करणार? ज्या धोतरासाठी मी तिला वर्षभर आत ठेवलं ते बहुधा धोतर नव्हतंच. अण्णांनी खोटं दगडावर कोरलं, मी माझं खरं त्याहून घट्ट धरलं, आणि दोघांनी मिळून दर पंधरा दिवसांनी तिला उचललं. अण्णांवर रागावण्याचा माझा हक्क मी अजून सोडलेला नाही. पण तो आता मला एकट्यानं वापरता येत नाही.

चौथ्या दिवशी साखळीच्या पुलीनं बुडखा उचलला, खड्डा मुरूम टाकून ठोकला. पाचव्या दिवशी सुमन डाव्या हातानं चाक फिरवत, डाव्याच पायानं थोडं ढकलत, गेटापर्यंत गेली. मी मागून चालत होतो, हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती. गेटाशी पोहोचली, रस्ता बघितला, भाजीवाला तेव्हा नव्हता. पाच मिनिटांनी म्हणाली, "धूळ लई आहे हो," आणि तिथंच अर्धा तास बसली.

गेटाच्या बाहेर एक अरुंद नाली आहे, तिच्यात पुढची चाकं जायची. तिच्यावर टाकायला मी फळी शोधत होतो. सुमन म्हणाली, "ती पाटी आहे ना." पाटी बरोबर मापाची होती. मी ती आधी अक्षरं खाली करून ठेवली, कारण माझीही काही तत्त्वं आहेत, पण पाठीच्या सिमेंटमुळे ती डगमगायला लागली आणि सुमन घाबरली. तेव्हा सिमेंट नालीच्या काठच्या मुरुमात रुतवून अक्षरं वर ठेवावी लागली. येणारे जाणारे वाचतात. परवा नवा दूधवाला म्हणाला, "मास्तर, तुमचे वडील लई मोठे होते हो." मी व्हय म्हणालो. "संकल्पना" ही ओळ गेटाच्या बाजूला येते, रोज पहिलं चाक तिच्यावरूनच जातं.

अक्षरं खोल कोरलेली असल्यामुळे पावसात चाक घसरत नाही.